उसन्या वस्तूंच्या बाई

"लावायचं कसं ते कोणीही सांगेल. उतरवायचं कसं ते सांगा."

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी स्वतः बोललेलं पहिलं वाक्य याहून बरंच लांब होतं. त्यात 'संकल्पना', 'अवकाश' आणि 'प्रेक्षकाशी संवाद' असं सगळं होतं, आणि ते संपायच्या आत बाईंनी माझा मांडणीचा नकाशा उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला होता.

शहरातली दोन-तीन लहान संग्रहालयं आणि एक कलादालन सांभाळणारं आमचं कार्यालय. तलवारी, नाणी, कुण्या सरदाराचा कसर लागलेला अंगरखा अशा कायमच्या वस्तूंचा विभाग वेगळा. आमचा विभाग तात्पुरत्या प्रदर्शनांचा. कायमवाले आमच्याकडे मांडववाल्याकडे बघावं तसे बघत. विभाग म्हणजे बाई आणि मी, बाकी लागतील तशी रोजावरची माणसं. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे बाई. मी हे पाठीमागूनच लिहितोय, म्हणून बाई.

सुती साडी, खाली पळायचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि गळ्यात डॉक्टरांच्या नळीसारखी लोंबणारी मोजपट्टी. कुणी बोलायला लागलं की बाई त्याच्या मागच्या भिंतीची लांबी मोजताहेत असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा त्या ती मोजतही असत.

त्यांची कामाची रीत उलटी. प्रदर्शन कधी संपणार ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे यायचं. कोणती वस्तू आधी निघेल, कोणत्या खोक्यात बसेल, खोकं कोणत्या दारातून जाईल, टेम्पोत कुणाच्या मांडीवर राहील. एवढं झालं की म्हणायच्या, "हं. आता लावायला हरकत नाही." उद्घाटनाला पाहुणे फीत कापत असत, तेव्हा बाई मागे उभ्या राहून मनातल्या मनात स्क्रू काढत असत.

मी मात्र लावण्यात रमणारा. माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनात मी खिळ्यांना फाटा देऊन सगळ्या फ्रेम दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर लावल्या. भिंत खराब होत नाही, आधुनिक दिसतं, वगैरे. पाहुण्यांच्या भाषणाला टाळ्या पडायला लागल्या आणि त्या हादऱ्याने एकेक फ्रेम खाली यायला लागली. दोघा-तिघांना तो प्रयोगच वाटला, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "वा. न सांगता उतरतंय."

बाईंची खरी तऱ्हा मात्र वेगळीच होती, आणि ती मला बरीच उशिरा कळली.

आमच्या प्रदर्शनांसाठी पुष्कळदा लोकांच्या घरून वस्तू उसन्या आणाव्या लागत. घड्याळ, खुर्ची, आरसा, अडकित्ता. बाई वस्तू आणायला स्वतः जात आणि जाताना स्वतःच्या घरची तशीच वस्तू बरोबर नेत. त्या घरचं घड्याळ उतरवलं की त्याच खिळ्याला आपलं अडकवायचं. कार्यालयाचा असा काही नियम नव्हता. उलट, लेखाविभागाला हे कळलं असतं तर त्यांनी त्याविरुद्ध नियम केला असता. मी एकदा विचारलंही.

"मॅडम, हे कशासाठी?"

"अहो, घड्याळाच्या जागी रिकामी भिंत दिसली की माणूस रोज चुकतो. प्रदर्शन आपलं. त्यांनी का चुकायचं?"

बाई एकट्या राहत, शहराबाहेर मांजरी गावाकडे, उसाच्या शेतात उगवलेल्या एका सोसायटीत. एकदा काही कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. "बसा," म्हणाल्या. मी इकडेतिकडे बघितलं. बसण्यासारखं काही नव्हतं.

"खुर्ची वाघोलीला आहे. पुढच्या महिन्यात येईल. तोवर खिडकीत बसा, वारा चांगला येतो."

मी खिडकीत बसलो आणि वाटीतून चहा प्यायलो, कारण कपबश्या कर्वेनगरात होत्या. आरशांच्या प्रदर्शनाच्या वेळी तर त्या महिनाभर वाकडा भांग पाडून कार्यालयात येत होत्या. कायमवाले हसायचे. मीही हसायचो, पण जरा अंतर ठेवून.

बाईंना स्वतःला हवं असलेलं प्रदर्शन एकच होतं: पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू. पुण्यात कोण कुठून येतं, कारखान्यात लागतं, शाळेत शिकवतं, कंपनीत बसतं. पहिला पगार हातात आला की त्यातून काहीतरी घेतं, आणि पुढे घरं बदलली, माणसं गेली, तरी ती वस्तू टाकवत नाही. त्या वस्तू एकत्र मांडायच्या, एवढंच. दर वर्षी बाई हा प्रस्ताव पाठवत आणि दर वर्षी वरून किल्ले, फुलं किंवा कुणाची तरी जयंती परत येई. "लोकांच्या घरातलं भांडंकुंडं बघायला कोण येणार, मॅडम?" असं वरचे विचारत. बाई म्हणत, "ज्यांच्या घरात भांडी आहेत ते."

एका वर्षी ऐन वेळी फुलांच्या प्रदर्शनवाल्यांनी अंग काढून घेतलं, दालन रिकामं पडलं, आणि नाइलाजाने होकार आला.

बाई इतक्या खूश झालेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. म्हणजे काय, तर त्या दिवशी त्यांनी मला दोनदा मूर्ख म्हटलं नाही.

वस्तू यायला लागल्या. प्रेशर कुकर, मनगटी घड्याळ, शिवणयंत्र. वाघोलीहून कंपनीतला एक मुलगा हेडफोन घेऊन आला. "मॅम, हे चालतील का? फर्स्ट सॅलरीचे आहेत. नॉइज कॅन्सलिंग."

"चालतील की. पण बदल्यात मी काय देऊ? माझ्याकडे कानात घालायचा कापूस आहे."

रेडिओ मिळाला तो येरवड्याला. निवृत्त कामगार होते ते. विदर्भातून तरुणपणी आलेले, उभा जन्म कारखान्यात काढलेला. आता घरात एकटेच. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर रेडिओ. लाकडी खोक्याचा, पुढे कापडाची जाळी, आणि आकड्यांच्या पट्टीवर एका जागी नेलपॉलिशचा ठिपका.

"हे काय?" मी विचारलं.

"नागपूर," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. बायको नागपूरकडची. लग्न होऊन आली तर तिला इथलं काहीच आवडेना, पाणी नाही, भाजी नाही, शेजारणींचं बोलणं तर नाहीच. अंधार पडला की या रेडिओवर नागपूर लागायचं. खरखर जास्त, नागपूर कमी. पण कुणी काटा हलवला की तिला ते परत सापडायचं नाही, मग चिडायची. म्हणून एक दिवस शेजारणीकडून नेलपॉलिश मागून आणलं आणि खूण केली. "तेवढ्यावरून शेजारणीशी बोलणंही सुरू झालं," ते म्हणाले.

"आता लागतं नागपूर?" बाईंनी विचारलं.

"कधी लागते, कधी नाही लागत. काटा मी तिथून हलवत नाही."

त्यांना रेडिओ द्यायचा नव्हता, हे उघड दिसत होतं. बाईंनी पिशवीतून स्वतःचा रेडिओ काढून फळीवर ठेवला.

"तुमचा वाजतो का, मॅडम?"

"वाजतो. बातम्या देतो, त्यामुळे खरं किती बोलतो ते सांगू शकत नाही."

ते हसले. मला वाटतं, रेडिओ त्या हसण्यावर मिळाला. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "परत कधी?"

"संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी स्वतः घेऊन येईन."

दालनात रेडिओ मांडताना मी थिनरचा बोळा घेऊन त्या ठिपक्याकडे निघालो होतो. माझं मन कुठे होतं विचारू नका. वस्तू स्वच्छ दिसली पाहिजे एवढंच डोक्यात. बाईंनी माझं मनगट धरलं.

"काय करताय?"

"डाग काढतोय, मॅडम."

"तो डाग बघायला लोकांना बोलावलंय."

आणि लोक आले. ठिपक्यावर बाईंनी एक बारीक दिवा सोडला होता, खाली त्या गृहस्थांचंच बोलणं लिहिलं होतं. बायका तिथे थांबायच्या. मग तिथेच उभ्या राहून एकमेकींना आपापल्या पहिल्या वर्षाचं सांगायच्या. बाई कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकायच्या आणि तेवढा वेळ स्क्रूंचा विचार करायच्या नाहीत.

त्याच दिवसांत निवडणुका लागल्या. एका दुपारी एक गृहस्थ एकटेच दालनात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. वस्तूंकडे न बघता ते भिंतींकडे बघत होते. मला वाटलं, अखेर एक जाणकार आला. असा माणूस हातचा सोडायचा नाही म्हणून मी पुढे झालो आणि दालन दाखवायला लागलो.

"खिडकी एकही नाही, सर. दार एकच. भिंती अशा की खिळा ठोकायचा तर आम्हाला घाम फुटतो. ओल नाही, उंदीर नाही. एकदा कुलूप लावलं की मुंगीसुद्धा आत जात नाही."

"वीज?"

"जाते, पण लगेच येते. जनरेटर आहे."

"उत्तम," ते म्हणाले. इतक्या आस्थेने आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी त्यांना दाराची जाडीसुद्धा हाताने मोजून दाखवली.

संध्याकाळी बाईंना अभिमानाने सांगितलं, "एक मोठे साहेब आले होते. दालन फार आवडलं त्यांना."

"प्रदर्शन आवडलं?"

"दालन."

बाईंनी कप खाली ठेवला. "कोण साहेब?"

कोण ते दुसऱ्या दिवशी हुकूम आला तेव्हा कळलं. मतदान यंत्रं ठेवायला त्यांना सुरक्षित जागा हवी होती. शहरात बऱ्याच जागा त्यांनी पाहिल्या होत्या, पण इतकी भरभरून शिफारस कुठल्याच जागेची झाली नव्हती. दालन ताबडतोब रिकामं करायचं होतं.

बाई मला घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. मला पाहून साहेबांनी ओळखीचं स्मित केलं. ते स्मित मला आजही नको असतं.

"चार दिवस द्या," बाई म्हणाल्या. "सगळं लोकांचं आहे. एकेक हाताने उतरवावं लागतं."

"मॅडम, लोकशाहीचं काम आहे."

"लोकांच्याच वस्तू आहेत म्हणून मागतेय."

घासाघीस करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ मिळाला. बाईंनी रोजावरची माणसं सांगून ठेवली. खोकी तर उद्घाटनाच्या आधीपासून तयार होती, प्रत्येक वस्तूच्या मापाचं, आत जुन्या सुती साडीचं कापड. सकाळी दालन उघडायच्या वेळेला आम्ही पोचलो तर दार उघडंच. साहेबांच्या माणसांना सकाळी गाडी मोकळी मिळाली होती म्हणून ते लवकर आले होते, आणि मदत म्हणून त्यांनी आमच्या वस्तूही भरून टाकल्या होत्या. आमच्याच कार्यालयाच्या जुन्या गोदामात पाठवल्या, असं एकाने उत्साहाने सांगितलं. "मॅडम, तुमचं काम करून टाकलं. पोत्यांत घातलंय सगळं."

व्हरांड्यात रिकामी खोकी ओळीने मांडलेली होती. बाई त्यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एक खोकं उघडलं, आतलं कापड नीट केलं, आणि पुन्हा बंद केलं.

गोदामाची चावी मिळायला निकाल लागेपर्यंत थांबावं लागलं, कारण चावी ज्यांच्याकडे होती त्यांचीही निवडणुकीवर नेमणूक झाली होती. तोवर येरवड्याहून फोन यायला लागले. फोन माझ्या टेबलावर.

"प्रदर्शन संपलं असं ऐकलं."

"हो काका. म्हणजे, वस्तू परत करण्याची प्रक्रिया सुरू आहे."

काही दिवसांनी परत. "प्रक्रिया कुठवर आली?"

"सुरू आहे, काका."

"बरं. प्रक्रियेवर नागपूर लागते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि टेबलावरचा तो फोन वाजला की मला उगाच ते असतील असं वाटायचं.

गोदाम उघडलं. मोडकी बाकं, जुने फलक, कबुतरांची घाण. त्यात आमची पोती. बाई पदर खोचून आत शिरल्या. कुकर निघाला, शिट्टी नव्हती. शिवणयंत्राचं चाक वाकलं होतं. हेडफोन एका बादलीत सापडले. बाई एकेक वस्तू घेऊन एकेका घरी जात, जे झालं ते सांगत, ऐकून घेत आणि आपली वस्तू परत आणत. त्यांचं घर पुन्हा भरत गेलं. एवढ्या खुर्च्या असलेल्या त्यांच्या घरात मी कधी बसलो नव्हतो, आणि तेव्हाही बसावंसं वाटलं नाही.

रेडिओ मात्र निघाला नाही. मधल्या काळात कुणीतरी भंगारवाल्याला बोलावून गोदामाचा पुढचा भाग साफ करून घेतला होता. कुणी, ते कुणाला माहीत नव्हतं. बाई तरीही जात राहिल्या. जे पोतं उपसून झालं तेच पुन्हा उपसत.

आणि मग जुन्या बाजारात मला तोच रेडिओ दिसला. म्हणजे तसाच. तेच लाकूड, तीच जाळी, तीच पट्टी. मी धावतच बाईंना घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मला राहवेना.

"मॅडम, ठिपक्याचं मी बघतो. आपल्याकडे फोटो आहेत. नेलपॉलिश आणायला कितीसा वेळ लागतो? काकांना आता दिसतंही कमी."

बाईंनी आकड्यांच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"रंग कोणता घ्याल?"

मला वाटलं, पटलं. "लालच होता ना?"

"गुलाबी. विटलेला." त्यांनी रेडिओ विक्रेत्याच्या चादरीवर जसा होता तसा परत ठेवला. "अहो, खोटी वस्तू खरी म्हणून पुढे ठेवणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. ते न करण्याचाच तर पगार मिळतो आपल्याला."

पुढचं आधी सांगून टाकतो. बाईंनी त्याच वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात कायमवाल्यांनी त्यांना फ्रेम केलेलं मानपत्र दिलं. त्या ते घेऊन गेल्या की तिथेच विसरल्या, मला माहीत नाही. त्यांच्या खुर्चीत आता मी बसतो. दालन चालू आहे. किल्ले असतात, फुलं असतात, जयंत्या असतात. सगळं फ्लेक्सवर छापून येतं. कुणाच्या घरातून काही आणावं लागत नाही. प्रदर्शन संपलं की एक माणूस येतो, ओढतो, गुंडाळतो आणि नेतो. चहा व्हायच्या आत भिंत मोकळी. वरचे माझ्यावर खूश आहेत. 'पहिल्या पगाराची वस्तू' हे प्रदर्शन पुन्हा भरवा, असं म्हणायला मध्ये एक-दोघं येऊन गेले. मी त्यांना पाणी दिलं.

तर त्या दिवशी जुन्या बाजारातून बाई सरळ येरवड्याला निघाल्या. मी म्हटलं, फोन करून जाऊ. म्हणाल्या, "फोनवर तुम्ही पुष्कळ बोललात."

दार उघडून त्या गृहस्थांनी आधी आमच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. आत बाईंचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

बाई बसल्या नाहीत. काही सजवलं नाही, 'प्रक्रिया' म्हटलं नाही, साहेबांचं नाव घेतलं नाही. माझंही नाही, आणि ते मी तेव्हा मोठ्या मनाचं लक्षण समजलो; खरं तर मी त्यांच्या लेखी त्या वाक्यात कुठे नव्हतोच. "तुमचा रेडिओ माझ्याकडून गेला," एवढंच म्हणाल्या. "भंगारात गेला असावा. मी शोधला. मिळाला नाही."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "ठिपका होता त्यावर."

"हो."

"म्हणजे कुणी उचलला असेल, तरी त्याला काय समजणार ते काय आहे."

"नाही समजणार."

ते उठले. फळीवरचा रेडिओ बंद केला. वायर काढून नीट गुंडाळली, खांद्यावरच्या पंच्याने खोकं पुसलं आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरलं.

"राहू द्या ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "मला नको आहे तो. खरंच राहू द्या."

"नाही, मॅडम. आमचा येईपर्यंत होता हा. आता आमचा येणार नाही. मग हा ठेवून घेतला तर भरपाई होते. ते नको."

बाईंनी रेडिओ घेतला. घेण्यावाचून त्या गृहस्थांनी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. रिकाम्या फळीकडे मी बघणार नव्हतो, तरी बघितलं गेलं.

आम्ही जिना उतरायला लागलो. बाई एक हात भिंतीला धरून, एका हाताने रेडिओ छातीशी घेऊन. अर्ध्यात आलो तोच वरून हाक आली.

"मॅडम! बाकीच्यांच्या वस्तू मिळाल्या का?"

बाई थांबल्या. वर न बघता म्हणाल्या, "मिळाल्या."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.